लहान स्पीकरमागची देवळी

वेल्हे
८ फेब्रुवारी १९९६

याकूबभाई, नमस्कार.

मंगळवारी सकाळी पूजा उरकून मी पहिल्या एसटीने कापूरहोळला आलो होतो. रंध्याचं पातं पार झिजलंय, नवं घ्यायचं होतं. दुकान उघडायला अवकाश होता म्हणून रस्त्याच्या कडेने चालत गेलो, तर गेनूच्या सुतारकामाच्या दुकानासमोर स्पीकरच्या दोन पेट्या उभ्या. प्लायच्या, अजून रंग न लागलेल्या. पुढच्या फळीला वर एक लहान भोक, खाली एक मोठं. भोकांभोवती पेन्सिलीचे आकडे होते. इंचाच्या खुणेला तसा शेपटीदार फराटा तुमच्याशिवाय कोणी ओढत नाही.

मग तुम्हीच दिसलात. गेनूने चहा घेतला, तुम्ही घेतला नाहीत. रोजे चालू आहेत. तुम्ही पेटीच्या कुशीला कान लावून बोटाच्या पेराने टकटक करत होता. गेनू काहीतरी म्हणाला, तुम्ही हसलात. मी एका उसाच्या ट्रकाआड उभा होतो. हाक मारली नाही. पातं न घेताच परत आलो. घरी धोंडाबाईने विचारलं तर सांगितलं, दुकान बंद होतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भजनी मंडळाची स्पीकरची पेटी आपण दोघांनी केली, तेव्हा तुम्ही माझ्या सागवानी फळीला असाच कान लावला होता. म्हणाला होतात, ‘दादा, ही फळी बोलते.’ गेनूच्या प्लायला काय म्हणालात ते लांबून ऐकू आलं नाही.

रोजा धरून माणूस भोरहून कापूरहोळपर्यंत येतो. पुढे वेल्ह्याला यायला मात्र सवड होत नाही. असो. पेट्या कोणासाठी ते कळवलंत तर बरं वाटेल. नाही कळवलंत तरी माझं काही अडलेलं नाही.

आपला,
सावळाराम सुतार


भोर
१३ फेब्रुवारी १९९६

सावळारामदादा, सलाम.

तुमचं पत्र वाचून अफसाना म्हणाली, ‘अब्बा, सावळाकाका रुसलेत.’ मी म्हटलं, ‘रुसू दे, त्यांचा हक्क आहे.’ पण दादा, ट्रकाआड उभं राहायचं म्हणजे काय? मी काय तुमचा सावकार आहे?

खरं सांगतो. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून वेल्ह्याला आलो नाही. रेडिओ दुरुस्तीला आता कोणी येत नाही. गेल्या महिन्यात दुकानात अकरा माणसं आली, त्यातली चार पत्ता विचारायला. मालकाला जागा पाहिजे आहे, त्याने एप्रिलअखेरची मुदत दिली आहे. म्हणाला, धंदा आहे असं दिसलं तर राहा, नाहीतर शटर ओढा. अशात सारोळ्याच्या सप्ताह कमिटीने दोन पेट्या सांगितल्या. पाडव्यापासून त्यांचा सप्ताह आहे. पेट्या पसंत पडल्या तर किकवीची माणसंही घेणार आहेत. म्हणजे दुकान राहतं की जातं, ते या दोन पेट्यांवर आहे.

मी तुमचंच नाव सांगितलं होतं. पण कमिटीचे चिमाजीअण्णा म्हणाले, ‘लाकूडकाम आमचा भाचा गेनू करंल, त्याच्याकडं मशीन हाय. न्हाईतर ऱ्हाऊ द्या.’ मी काय बोलणार? पोरगा कामाला सरळ आहे. पण त्याला पेटी म्हणजे कपाट वाटतं. कापतो बिनचूक, ऐकत नाही.

म्हणून आता तुमच्याकडे मागणं. मला आवाज तुमच्या पेटीसारखाच पाहिजे. खाली तोच बारा इंची स्पीकर, पखवाजासाठी. वर तोच चार इंची, बुवांच्या गळ्यासाठी आणि टाळांसाठी. लहानाकडे जाड आवाज जाऊ नये म्हणून वाटेत कंडेन्सर घालायचा, ते माझं काम मी करीन. पण पेटी आतून कशी आहे ते मला माहीत नाही. मी भोरला गेलो असताना तुम्ही मागची फळी सरस लावून कायमची बसवलीत. आत काय काय केलं होतं ते सगळं लिहून पाठवा. तुमच्या हातचं आहे, माझ्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक.

तुमचा,
याकूब शेख


वेल्हे
१९ फेब्रुवारी १९९६

याकूबभाई, नमस्कार.

मापं अशी: उंची तीस, रुंदी अठरा, खोली पंधरा इंच, सगळी आतून घ्यावीत. खालच्या बाजूला हवेसाठी तीन इंची भोक. जिथे फळीला फळी मिळते तिथे आतून पट्टी मारून सरसाने सांध बुजवावी, वारा कुठेही निसटता कामा नये. मागच्या फळीला आणि दोन्ही कुशींना जुन्या गोधडीचा तुकडा खिळ्यांनी मारला आहे. तो धोंडाबाईच्या गोधडीचा होता, तिने त्यावरून मला आठवडाभर ऐकवलं होतं. गेनूच्या घरात गोधडी असेलच.

बाकी आत काही नाही. मोकळीच आहे.

आमच्या देवळात पेटी अजून छान वाजते. परवा पिंपरीहून आलेला पाहुणा म्हणाला, ‘आवाज कुणाचा?’ सगळे एकदम म्हणाले, ‘भोरच्या याकूबभाईंचा.’ मी त्या पेटीला टेकूनच बसलो होतो.

तुमच्या नव्या कामाला यश येवो.

सावळाराम


भोर
१२ मार्च १९९६

दादा, सलाम.

ईदेच्या शेवया आणि खजूर एसटीच्या कंडक्टरकडे दिले होते, पोचले का? अफसानाने वर लिहिलं होतं, ‘सावळाकाकांना, रुसवा काढण्यासाठी’. कंडक्टरने ते मोठ्याने वाचलं म्हणे सगळ्या गाडीत.

पेट्या झाल्या. तुमची मापं गेनूने दोराभर इकडे तिकडे होऊ दिली नाहीत. गोधडीही मारली, त्याची आई म्हणाली, ‘पेटीला थंडी वाजती व्हय रं?’ दुकानात हळू आवाजात कॅसेट लावून पाहिली. चांगली वाजली. एकदाच, पखवाज जोरात पडला तेव्हा गाणाऱ्याचा गळा किंचित कापल्यासारखा वाटला. अफसानाला विचारलं, ती म्हणाली, ‘नाही अब्बा, कॅसेट जुनी आहे.’ मग मीही सोडून दिलं. मोठ्या आवाजात इथे वाजवता येत नाही, शेजारी बाळंतीण आहे.

पाडव्याला सारोळ्याला नक्की या. तुमच्यासाठी एक गंमत करून ठेवली आहे, ती तिथे आल्यावरच दिसेल. तुमच्या कानाने एकदा ऐकलंत की मला निर्धास्त झोप लागेल.

याकूब


वेल्हे
१६ मार्च १९९६

याकूबभाई,

शेवया मिळाल्या. गोड झाल्या होत्या.

पाडव्याला येणं जमणार नाही. एका घराच्या चौकटी बसवायच्या आहेत, मुहूर्ताचं काम आहे. तुमच्याबरोबर गेनू आहेच.

सावळाराम


भोर
३० मार्च १९९६

सावळाकाका, नमस्कार.

अब्बांना न सांगता लिहिते आहे.

सारोळ्याला फार वाईट झालं. पहिल्या दिवशी कीर्तन उभं राहिलं, आवाज मोठा केला आणि पखवाजाची थाप पडली की बुवांचा आवाज थरथरायला लागला. थाप थांबली की सरळ. पुन्हा थाप, पुन्हा थरथर. मागून कोणीतरी ओरडलं, ‘बुवांना हिवताप आला, कांबळं आना!’ सगळा मांडव हसला. बुवांनी रागाने माईक बाजूला केला आणि तसेच बोलले.

अब्बांनी दोन दिवस सगळं करून पाहिलं. नुसता मोठा स्पीकर लावला, स्वच्छ. नुसता लहान लावला, स्वच्छ. दोन्ही एकत्र लावले की थरथर. कंडेन्सर तीन वेळा बदलले. तिसऱ्या दिवशी कमिटीने पुण्याहून भाड्याचे भोंगे आणले आणि पेट्या गेनूदादाच्या टेम्पोत घालून कापूरहोळला परत पाठवल्या.

तुम्हाला गंमत दाखवायची होती ना, ती सांगते. अब्बांनी गेनूदादाकडून दोन्ही पेट्यांवर पांढऱ्या रंगाने लिहून घेतलं होतं, ‘पेटीची रीत: सावळाराम सुतार, वेल्हे.’ गेनूदादा कुरकुरला होता, ‘काम माजं आन नाव त्येंचं?’ अब्बा म्हणाले, ‘तू त्यांचं माप घेऊन बसलास ना? मग लिही.’ तिसऱ्या दिवशी लोक हसत होते तेव्हा अब्बांनी खिशातलं ब्लेड काढलं आणि सगळ्यांसमोर वाकून तुमचं नाव खरवडून काढलं. चिमाजीअण्णांनी विचारलं, ‘ह्ये काय?’ अब्बा म्हणाले, ‘लाकडात दोष नाही. माझा कान गेलाय. त्यांचं नाव यात नको.’

आता ते खरंच तसं धरून बसले आहेत. म्हणतात, दुकानात एकदा कापरा आवाज आला होता, तो मला ओळखता आला नाही, म्हणजे कान संपला; कान नसलेल्या माणसाने हे काम करू नये. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने चांगला आहे. त्यावर अब्बांचा विश्वास नाही. मालकाला शटरची किल्ली एप्रिलअखेर देतो म्हणून सांगून आले.

काका, तुम्ही एकदा येऊन त्यांना काही सांगा. तुमचं ऐकतील.

अफसाना


वेल्हे
५ एप्रिल १९९६

याकूबभाई, नमस्कार.

सारोळ्याचं कानावर आलं. प्लाय नवा असतो, उन्हाळ्यात बसायला वेळ लागतो. एक पावसाळा गेला की आवाज आपोआप सुधारेल. मनाला लावून घेऊ नका. दुकानाची घाई करू नका.

सावळाराम


भोर
११ एप्रिल १९९६

दादा, सलाम.

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही माझी समजूत घालताय, मोठे आहात म्हणून. पण लाकडाला दोष देऊ नका. माप तुमचं होतं, ते चुकणार नाही. तुमच्या देवळातली पेटी तीन वर्षं वाजतेच आहे. मग चुकणारा एकटा मीच उरतो.

एक विनंती आहे. महिनाअखेर दुकानातलं सामान काढतोय. माझं मीटर आणि कंडेन्सरचा डबा तुम्ही घेऊन जा. तुमच्या पेटीला पुढे काही झालं तर तुम्हाला लागेल. परक्या माणसाला विकायचं मन होत नाही.

मशिदीतला लाउडस्पीकर मी पंधरा वर्षं बघत होतो, तोही दुसऱ्याकडे सोपवला. मन थोडं हलकं झालं. अल्ला करील ते बरं.

तुमचा,
याकूब


वेल्हे
२२ एप्रिल १९९६

याकूबभाई,

हे पत्र शेवटपर्यंत वाचा, मध्ये अफसानाकडे देऊ नका.

तुमचा कान चांगला आहे. दुकानात तुम्हाला जो कापरा आवाज आला तो खराच होता, आणि तुमच्याशिवाय कोणाला तो त्या हळू कॅसेटवर ऐकूही आला नसता. मी तुम्हाला खोटं लिहिलं. पेटी आत मोकळी नाही.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही दोन्ही स्पीकर बसवून भोरला गेलात. मी मागची फळी खिळ्यांवर टेकवून एकटाच पखवाजाची कॅसेट लावून बसलो होतो. लहान स्पीकर नेमका कधी बोलतो ते बघावं म्हणून त्याच्या वायरी सोडल्या, पेटी उताणी केली आणि त्याच्या कागदी पडद्यावर चिमूटभर लाकडाचा भुसा टाकला. तर भुसा उडायला लागला. वायर नाही, काही नाही, आणि प्रत्येक थापेला लहान स्पीकर उसळतोय. मग उमगलं. मोठा हलतो तेव्हा पेटीतली हवा दाबतो, आणि तीच हवा लहानाला पाठीमागून ढकलते. तो बिचारा आपलं बोलायचं सोडून त्याचे धक्के खातो. मी साडेपाच इंच चौकोनी, चार इंच खोल डबी केली, लहान स्पीकरच्या पाठीमागे सरसाने बंद बसवली आणि तिच्यात थोडा कापूस भरला. भिंतीत दिव्याला देवळी ठेवतात तशी. पुन्हा भुसा टाकला. हलला नाही. मग मागची फळी कायमची लावून टाकली.

तुम्ही आलात, ऐकलंत, आणि आनंदाने म्हणालात, ‘दादा, कंडेन्सर बरोबर बसला बघा!’ मी गप्प राहिलो. वाटलं, सांगू उद्या. मग लोक म्हणायला लागले, याकूबभाईंचा आवाज. प्रत्येक एकादशीला म्हणत. मी हसून मान डोलवायचो, आणि मनात म्हणायचो, आत काय आहे ते मलाच ठाऊक. या एका गोष्टीवर मी तीन वर्षं पोट भरलं. देवासमोर टाळ घेऊन बसायचो आणि नाव देवाचं घेता घेता त्या डबीचंच घ्यायचो.

आणि मग तुम्हाला गेनूच्या प्लायला कान लावताना पाहिलं. तुम्ही दुकानाचं लिहिलंत, ते मी वाचलं. काय पणाला लागलंय ते मला ठाऊक होतं. तरी गोधडीचं लिहिलं आणि देवळीचं लिहिलं नाही. गोधडी लिहिली म्हणजे आपण सगळं लिहिलं असं स्वतःला वाटावं म्हणून. धोंडाबाई दारात उभी होती. म्हणाली, ‘ती डबीबी लिवली न्हवं?’ मी म्हणालो, ‘व्हय.’ म्हणजे एका दिवसात दोनदा खोटं बोललो.

अफसानाचं पत्र आलं तरी मी पावसाळ्याच्या गोष्टी लिहिल्या. ते कार्ड आठवलं की अजून अंगावर काटा येतो. तुम्ही उलट मीटर देऊ केलंत. त्या संध्याकाळी भजनाला बसलो आणि उठून आलो. मला ती पेटी ऐकवेना.

गुरुवारी हत्यारांची पिशवी घेऊन कापूरहोळला गेलो. गेनू माझ्याकडे बघतच राहिला. पेट्या त्याने पोत्याखाली झाकून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, ‘मागची फळी काढ.’ म्हणाला, ‘काका, आता काय इस्तव लावायचा त्यास्नी?’ मी त्याला भुसा टाकून दाखवला. तो खाली बसून बघत होता. मग म्हणाला, ‘तुमाला ह्ये आदीपास्नं म्हाईत हुतं?’ मी हो म्हणालो. ‘मंग मला का न्हाई सांगितलं?’ मी म्हटलं, ‘तुझा राग आला होता म्हणून.’ तो म्हणाला, ‘म्या काय केलं तुमचं? म्या तर पेट्यांवर तुमचं नाव रंगवलं!’ त्यानेच पुढे होऊन प्लाय कापला, मी डब्या जोडल्या. त्याची कापणी खरंच बिनचूक आहे, याकूबभाई. मी अशी सरळ कडा हाताने काढू शकत नाही. हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

काल रविवारी त्याच्या टेम्पोत घालून पेट्या सारोळ्याला नेल्या. देवळासमोर कमिटीची माणसं बसली होती. चिमाजीअण्णा टेम्पो बघूनच उठले, ‘परत आनल्या? हितं भंगार घेत न्हाईत.’ गेनूने कॅसेट लावली, आवाज पुरता मोठा केला. पखवाज देवळाच्या पायरीला जाणवत होता आणि वर गळा नितळ चालला होता. पोरं खेळ सोडून आली.

अण्णा म्हणाले, ‘आत्ता! मंग सप्त्याला काय झालं हुतं?’

गेनू माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला असता, लाकूड बसलं; मी त्याला तेवढंच म्हणायला सांगू शकलो असतो. मी पुढे होऊन सांगितलं. याकूब शेखांनी मला आतलं सगळं विचारलं होतं. मी जाणून एक गोष्ट लपवली. त्यांचं काम वरचढ होऊ नये म्हणून लपवली.

अण्णा जवळ आले. म्हणाले, ‘सुतार, म्हंजी देवाच्या दारात बुवास्नी हिवताप तुमी आनला व्हय?’

‘व्हय, म्या.’

कोणी हसलं नाही. अण्णा म्हणाले, ‘वयानं मोटं हायसा म्हनून सोडतो. आन त्यो मानूस आमच्यापुढं वाकून बिलेडनं नाव खरडत हुता, त्ये बगितलं असतंसा तर?’ मग ते मागे वळले आणि पेट्या आत घ्या म्हणाले. किकवीचा माणूस तिथेच होता. तो या आठवड्यात तुमच्या दुकानावर येणार आहे. दुकान उघडं पाहिजे.

डबीचं माप गेनूला लिहून दिलं आहे, तुमच्यासाठी या पत्राच्या मागे काढलं आहे. आता ते मला एकट्याला ठाऊक नाही.

तुम्ही मला बोलवाल की नाही, ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही. आधी भोरला येऊन तुमच्या पाया पडावं असं फार वाटलं होतं. पण तुम्ही मला ओळखता तसा मीही तुम्हाला ओळखतो. तुम्ही म्हणाला असतात, ‘दादा, झालं गेलं, सारोळ्याला कशाला सांगायचं?’ आणि मी ते ऐकलं असतं. म्हणून आधी सांगून आलो, आणि मग हे लिहिलं.

सावळाराम